वाचक विचारतात : खलिफाची लेक, निजामाची सून

गेल्या महिन्यात शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांची थोरली सून, तुर्की शहजादी दुर्रुशेवर यांच्यावर आम्ही एक छोटं टिपण छापलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : खुलदाबादला एका खलिफासाठी कबर बांधून ठेवली, पण आत कुणालाच पुरलेलं नाही असं ऐकतो. तुर्कस्तानचा खलिफा आमच्या गावाकडं कसा येणार होता? (वाचक, वेरूळ)

उत्तर : लेकीच्या सासरच्या नात्यानं. दुसरे अब्दुल मजीद हे तुर्कस्तानच्या उस्मानी (ऑटोमन) घराण्याचे अखेरचे खलिफा. मार्च 1924 मध्ये तुर्कस्तानच्या संसदेनं खिलाफत मोडीत काढली आणि सगळ्या घराण्याला देशाबाहेर घालवलं. तेव्हा दुर्रुशेवर 10 वर्षांच्या होत्या. कुटुंब फ्रान्समधल्या नीस शहरात जाऊन राहिलं. निजामानं खलिफांना महिना 300 पौंड तनखा बांधून दिला होता. पुढे खिलाफत चळवळीचे पुढारी शौकत अली मध्ये पडले आणि सोयरीक जुळली. 12 नोव्हेंबर 1931 रोजी नीसमध्येच दुर्रुशेवर यांचा निकाह निजामाचे थोरले चिरंजीव आझम जाह यांच्याशी लागला. त्याच दिवशी धाकटे मोअज्जम जाह यांचा निकाह निलोफर यांच्याशी झाला. दोन्ही सुना ‘पिल्सना’ बोटीनं मुंबईला उतरल्या. दुसऱ्या गोलमेज परिषदेहून परतणारे गांधीजी त्याच बोटीवर होते.

आता कबरीकडे येऊ. खलिफा 23 ऑगस्ट 1944 रोजी पॅरिसमध्ये वारले. महायुद्ध चालू होतं आणि पॅरिस दोन दिवसांनी मुक्त होणार होतं. वडिलांना इस्तंबूलच्या मातीत जागा मिळावी म्हणून दुर्रुशेवर यांनी तुर्की सरकारकडे अर्ज-विनंत्या केल्या, पण परवानगी मिळाली नाही. शव पॅरिसच्या मोठ्या मशिदीत तब्बल 10 वर्षं ठेवावं लागलं. निजामानं खुलदाबादला बांधवून घेतलेली इमारत त्यांच्यासाठीच होती. जागेची निवड समजण्यासारखी आहे : औरंगजेब तिथे आहे, आसफजाही घराण्याचा मूळपुरुष निजाम-उल-मुल्क तिथे आहे, सुफी संतांचे दर्गे तिथे आहेत. पण सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आलं आणि तो बेत तिथेच राहिला. अखेर 1954 च्या मार्चमध्ये खलिफांचा दफनविधी मदिनेत झाला. म्हणून ‘खलिफाची कबर’ म्हणताना ‘खलिफासाठी बांधलेली’ असं म्हणावं. गाडीवाले आणि वाटाडे सर्रास उलटं सांगतात.

प्रश्न : आमच्या वाड्यातल्या दिवाणखान्यात चौकटीत एक फोटो आहे. साडीतली उंच बाई, खाली शाईनं ‘प्रिन्सेस ऑफ बेरार, 1932’. या दुर्रुशेवर की निलोफर? फोटो खरा असेल का? (वाचक, पैठण)

उत्तर : आधी खालची ओळ तपासू, कारण तिच्यातच चूक आहे. 1932 साली ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ नावाचं कुणी नव्हतंच. बेरार म्हणजे वऱ्हाड. ते 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात होतं. 1902 मध्ये कर्झननं ते वर्षाला 25 लाखांच्या कायम पट्ट्यानं घेतलं. 1936 च्या करारात वऱ्हाडवर निजामाची सत्ता नावापुरती मान्य झाली आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणायचं ठरलं. कारभार मात्र नागपूरहूनच चालू राहिला. म्हणजे हा किताब 1936 च्या आधीच्या फोटोखाली दिसला, तर मजकूर नंतर कुणीतरी लिहिलेला आहे. फोटो खोटा आहे असं यातून ठरत नाही. जुन्या घरांत फोटोखाली नाव आठवेल तेव्हा घालायची पद्धत होती.

किताब दुर्रुशेवर यांचा, पण फोटोतली बाई तीच हे उंचीवरून ताडता येतं, तेही उभ्या फोटोतच. दुर्रुशेवर नवऱ्याहून उंच होत्या, शेजारी आझम जाह उभे असतील तर लगेच दिसतं. बसलेल्या फोटोत ही खूण चालत नाही. शेजारी मुलगा असेल तर बहुधा दुर्रुशेवर : मुकर्रम जाह 1933 मध्ये जन्मले, मुफ्फखम जाह 1939 मध्ये. निलोफर यांना मूल झालं नाही. नुसत्या भरजरी साडीवरून मात्र ठरवू नका. निलोफर यांच्या साड्या इतक्या गाजल्या (काही न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात आहेत) की कुठलाही साडीतला जुना फोटो त्यांच्या नावावर खपतो.

एक कळकळीची विनंती. फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका, चेहऱ्यावरचा थर काचेलाच राहतो. चौकटीसकट उजेडात, पण उन्हात नाही, थोड्या तिरक्या कोनातून मोबाइलनं टिपा म्हणजे काचेवर चकाकी येणार नाही. मग मागची बाजू बघा. मागचा पुठ्ठा सहज निघत असेल तरच खिळे काढा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीचा आकडा, उर्दू ओळ, जे असेल ते टिपून ठेवा. पुढच्या शाईपेक्षा पाठीमागची पेन्सिल बहुधा जास्त विश्वासाची असते.

प्रश्न : एका उर्दू कागदावर या लग्नाचा उल्लेख आहे. साल 1341 लिहिलंय. हिजरी धरलं तर 1922-23 येतं, मग लग्न आधीच झालं होतं का? (वाचक, कंधार)

उत्तर : नाही. ते साल फसली आहे. हैदराबाद संस्थानाचा सरकारी कारभार फसली सालावर चालायचा, आणि हे साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ‘आजुर’ महिन्यानं सुरू होई. हिशेब सोपा आहे : ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर फसली सालात 590 मिळवा, जानेवारी ते सप्टेंबरमधली असेल तर 591. 1341 अधिक 590 म्हणजे 1931, नोव्हेंबर महिना बरोबर बसतो. हिजरीत तेच लग्न 1350 च्या रज्जबमध्ये पडतं. कागदावर महिना बघा : आजुर, दै, बहमन, इस्फंदार अशी नावं असली तर फसली, मोहरम, सफर, रज्जब असली तर हिजरी. जमिनीचे जुने कागद वाचतानाही हाच हिशेब वापरा, कारण तिथे नऊ-दहा वर्षांची चूक महागात पडते.

प्रश्न : ‘दुर्रुशेवर सुलतान’ असं छापलेलं दिसलं. सुलतान म्हणजे पुरुष ना? आणि दोघी सुना सख्ख्या बहिणी होत्या का? (वाचक, सेलू)

उत्तर : उस्मानी घराण्यात ‘सुलतान’ नावाच्या आधी आलं तर राजा, नावाच्या मागे आलं तर राजघराण्यातली स्त्री. दुर्रुशेवर या शहजाद्याची लेक, म्हणून ‘सुलतान’. निलोफर यांचा राजघराण्याशी संबंध आईकडून, म्हणून त्या ‘हानिमसुलतान’, एक पायरी खाली. बहिणी अजिबात नाहीत. दुर्रुशेवर यांचे आजोबा सुलतान अब्दुल अजीज, तर निलोफर यांचे आईकडून पणजोबा सुलतान पाचवा मुराद, आणि मुराद हा अब्दुल अजीज यांचा पुतण्या. नातं लांबचंच. नावाचा अर्थही सुरेख आहे : दुर्र म्हणजे मोती, शहवार म्हणजे राजाला शोभेल असा.

प्रश्न : हैदराबादचं निलोफर हॉस्पिटल दुर्रुशेवर यांचंच का? (वाचक, देगलूर)

उत्तर : नाही, ते धाकट्या सुनेच्या नावाचं. त्यांची एक दासी बाळंतपणात दगावली, त्या दुःखातून रेड हिल्समधलं हे बायका-मुलांचं रुग्णालय उभं राहिलं. दुर्रुशेवर यांच्या नावाचं रुग्णालय वेगळं, पुरानी हवेलीत. रिक्षावाल्याला नाव पुरतं सांगा, दोन्ही ठिकाणी लहान मुलांचे डॉक्टर असल्यानं गल्लत होते.

प्रश्न : दुर्रुशेवर यांना कुठे पुरलं? (वाचक, औसा)

उत्तर : त्या 2006 च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये वारल्या, 92 वर्षांच्या होत्या. इंग्लंडातल्या ब्रुकवूड दफनभूमीत त्यांची कबर आहे. वडील मदिनेत आहेत. मुकर्रम जाह 2023 च्या जानेवारीत इस्तंबूलमध्ये वारले आणि त्यांना हैदराबादला आणून मक्का मशिदीच्या आवारात दफन केलं.