मडकं हललंच नव्हतं

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. सरावाच्या पेपरात एक वाक्य होतं, ‘द पॉट वॉज बॅलन्स्ड प्रिकेरिअस्ली ऑन द वॉल.’ तिनं ‘मडकं भिंतीवर डळमळत होतं’ असं लिहिलं, तर सरांनी काट मारली. शब्दकोशात ‘अनिश्चितपणे’, ‘धोकादायकपणे’ असे अर्थ दिसतात. मडकं अनिश्चितपणे कसं काय ठेवतात?
– एक वाचक, दारव्हा

उत्तर : भाऊ, काट बरोबर आहे. पण ती का मारली हेही सांगितलं असतं, तर पोरीच्या कामी आलं असतं.

मडकं हलत नव्हतं, मेख तिथंच आहे. डळमळणं डोळ्यांना दिसतं. त्याला इंग्रजीत ‘अनस्टेडिली’ म्हणतात. बाजाराच्या दिवशी गुत्त्यावरून घरी निघालेला माणूस अनस्टेडिली चालतो. ‘प्रिकेरिअस्ली’मध्ये वस्तू गुमान बसलेली असते, फक्त ती अजून पडली नाही, एवढंच.

आमच्या मागच्या पडवीचं एक कवेलू पाहा. मागच्या पावसाळ्यात वानरं नाचून गेली, तेव्हापासून ते वळचणीला अर्धं बाहेर आलं आहे. खालची रीप कुजली. शेजारच्या कवेलूखाली त्याचं टोक दोन बोटं अडकलं आहे, तेवढ्यावर ते आहे. वारा सुटला तरी हलत नाही. पण त्याच्या खाली मी नातवाची खाट टाकू देत नाही. ते कवेलू तिथं प्रिकेरिअस्ली आहे. म्हणूनच ‘पर्च्ड’, ‘बॅलन्स्ड’, ‘हँगिंग’ यांच्या जोडीला हा शब्द हटकून येतो.

आता ‘अनिश्चित’ कुठून आलं? शब्दाचं मूळ लॅटिन ‘प्रेकारियस’, म्हणजे विनवणी करून मिळालेलं. रोमन कायद्यात ‘प्रेकारियम’ नावाचा व्यवहारच होता. एकानं मागावं, मालकानं जमीन वापरायला द्यावी, आणि मनात येईल तेव्हा परत घ्यावी. इंग्रजीत सतराव्या शतकात हा शब्द आला तोही याच वकिली अर्थानं, ‘दुसऱ्याच्या मर्जीवर असलेलं’. धोक्याचा अर्थ मागाहून चिकटला.

हे वाचलं तेव्हा मला रोम नाही, माझा बाप दिसला. बाबा चार एकर वावर मक्त्यानं वाहायचे. कागद नाही, पत्र नाही. दर पाडव्याला मालकाच्या घरी जायचे, चप्पल पायरीखाली काढायचे आणि म्हणायचे, “यंदाही वावर राहू द्या जी.” मालक हो-नाही काहीच बोलत नसत. आतून चहा आला की वावर राहिलं समजायचं. मी आठवीत होते त्या साली चहा आला नाही. वावर जागच्या जागी, धुरा जागच्या जागी, बाबांनी नांगरून ठेवलेली तासं तशीच. काहीसुद्धा हललं नव्हतं. ‘लिव्हिंग प्रिकेरिअस्ली’ कसं ते मला शब्दकोशात पाहावं लागलं नाही.

आणखी एक गंमत. या लॅटिन शब्दाचा धातू आणि संस्कृतातला ‘प्रच्छ्’ एकाच कुळातले. त्यातूनच ‘पृच्छा’, आणि आपलं ‘पुसणं’. पुण्याकडच्या लोकांना ‘त्याले पुसून ये’ म्हटलं की ते फडकं शोधतात, पण हा शब्द आपल्याकडे जुन्या अर्थानं, म्हणजे ‘विचारणं’ म्हणून, रोज चालतो. मालकाला दर साली पुसावं लागतं, ते प्रिकेरिअस.

मुलीला एवढं मात्र बजावा, ‘प्रिकोशस’शी गल्लत नको. परीक्षेत ही जोडी मुद्दाम पर्यायांत टाकतात. प्रिकोशस म्हणजे वयाआधी शहाणं झालेलं पोर, मुळात ‘लवकर पिकलेलं’. त्याचं नातं ‘पक्व’शी, पुसण्याशी नाही.

तुमच्या वाक्याला मी लिहीन, ‘मडकं भिंतीवर कसंबसं तोललेलं होतं.’ ‘जेमतेम टेकलेलं’ही चालेल. ‘धोकादायकपणे’ मला पटत नाही. त्यात धोका मडक्याला की खालून जाणाऱ्याला, तेच कळत नाही. आणि उच्चारताना जोर ‘के’वर द्यायला सांगा.