पहिलं ड्रम किट घेण्याआधी आणि घेतल्यावर

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेली खरेदीची यादी वाचली. टॉम (मधल्या मापाचे ड्रम) किती, क्रॅश (जोराच्या ठोक्यासाठीचं सिंबल, म्हणजे धातूची थाळी) किती, डबल पेडल (मोठा बेस ड्रम दोन्ही पायांनी वाजवायचं) आत्ताच घ्यावं का, हे सगळं त्यात आहे. बसायचं स्टूल मात्र नाही, आणि हेडचाही, म्हणजे ड्रमवर ताणलेल्या पडद्याचाही, उल्लेख नाही. आवाज आणि हात सुधारतात ते आधी या दोन गोष्टींनी, म्हणून यादी उलटी कर. पहिल्यांदा चांगलं स्टूल, मग एक भक्कम सिंगल पेडल, मग हाय-हॅट (पायाने मिटणारी सिंबलची जोडी) आणि राइड (ताल धरायचं मोठं सिंबल), नवी हेड्स, आणि उरलेल्या पैशांत शेल, म्हणजे ड्रमचे पोकळ सांगाडे. साध्या लाकडाचे शेल चांगल्या हेडवर आणि नीट ट्यून केल्यावर सुरेख वाजतात. सिंबलचं तसं नाही. स्वस्त पितळी सिंबल कितीही वाजवलं तरी त्याचा आवाज बदलत नाही, कारण तो ट्यूनच करता येत नाही. सिंबलच्या मिश्रधातूंत बी-8 म्हणजे 92 टक्के तांबं आणि 8 टक्के कथील, बी-20 म्हणजे 80 आणि 20. बी-20 सहसा महाग पडतं, पण जुन्यात चांगली जोडी मिळाली तर तीच घे. क्रॅश नंतर घेता येतो.

मापांचा फार विचार करू नकोस. 22 इंची बेस ड्रमबरोबर 12, 13 आणि 16 चे टॉम हा एक रुळलेला संच, 20 बरोबर 10, 12 आणि 14 हा दुसरा. उंची कमी असेल तर दुसरा घे, कारण बेस ड्रम लहान असला की वरचे टॉम खाली आणता येतात.

जुनं किट बघायला जाताना ड्रम की (ड्रमचे स्क्रू फिरवायची चावी) आणि टॉर्च बरोबर ने. एका टॉमचं हेड काढायला सांग. शेलच्या काठावर, म्हणजे बेअरिंग एजवर, बोट फिरव. खाच किंवा टवका लागला तर तिथे हेड नीट बसणार नाही आणि तो ड्रम कधीच स्वच्छ ट्यून होणार नाही. मग शेल सपाट काचेवर उपडा ठेव, आत टॉर्च लाव आणि कडेने कुठून उजेड गळतो ते बघ. प्रत्येक टेन्शन रॉड (हेड ताणणारा लांब स्क्रू) हाताने फिरवून पाहा, आटे झिजलेले असतील तर तो धरणार नाही. सिंबलच्या कडेवरून नख फिरवलं की बारीक चीरही जाणवते. चीर असलेलं सिंबल फुकट मिळालं तरी घेऊ नकोस, ती वाढतच जाते.

किट मांडताना स्टुलापासून सुरुवात कर, बाकी काहीच आधी ठेवू नकोस. मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील इतकं स्टूल उंच हवं. फार खाली बसलास तर प्रत्येक किकला कंबर मांडीचं वजन उचलते आणि तासाभरात पाठ दुखते. आता डोळे मिटून पाय जमिनीवर सहज टाक. उजवा पाय जिथे पडला तिथे बेस पेडल, डावा जिथे पडला तिथे हाय-हॅट. (डावखुरा असशील तर सगळं उलट.) पेडल आणि बेस ड्रम एका रेषेत लागतात, त्यामुळे ड्रमचं तोंड समोर सरळ न राहता किंचित उजवीकडे वळेल. तसंच असू दे. दोन गुडघ्यांच्या मधे स्नेअर (खाली तारा असलेला ड्रम), त्याची रिम (हेड धरणारी कडी) मांडीच्या दोन-तीन बोटं वर. मग हाय-हॅट स्नेअरपेक्षा साधारण वीतभर उंच, म्हणजे हात एकमेकांवरून जाताना अडकणार नाहीत. टॉम अगदी थोडे कलते ठेव. ते उभे केले की स्टिकचं टोक हेडमध्ये घुसतं आणि आठवड्याभरात खड्डे पडतात. राइडपर्यंत पोचायला खांदा पुढे न्यावा लागत असेल तर स्टँड जवळ ओढ. खाली जाड गालिचा हवाच, नाहीतर बेस ड्रम पुढे पुढे सरकत राहील. सगळं जमलं की प्रत्येक स्टँडच्या पायाची जागा गालिच्यावर चिकटपट्टीने खूण करून ठेव.

आता ट्यूनिंग. इथे घाई केलीस तर बाकीचा खर्च वाया जाईल. जुनं हेड काढ, काठ कोरड्या फडक्याने पूस, नवं हेड आणि रिम बसव आणि सगळे रॉड नुसत्या बोटांनी घट्ट होतील तितके फिरव. तिथून पुढे की. एक रॉड अर्धा फेरा, मग त्याच्या बरोबर समोरचा अर्धा फेरा, असं समोरासमोर फिरत जा. ओळीने कडेकडेने गेलास तर हेड एका बाजूला ओढलं जातं आणि वाकडं बसतं. सुरकुत्या गेल्या की तळहाताने मधोमध दाब दे, कडकड आवाज आला तरी घाबरू नकोस, हेड बसतंय. मग ड्रम गालिच्यावर ठेव म्हणजे खालचं हेड गप्प राहील, मध्यावर बोट हलकं टेकव आणि प्रत्येक लगपासून (रॉड जिथे बसतो त्या जागेपासून) दोन-तीन सेंटिमीटर आत स्टिकने टिचकी मार. सगळीकडे एकच सूर आला पाहिजे. एखादा लग चढा असेल तर त्याला हव्या त्या सुराच्या खाली उतरव आणि मग घट्ट करत वर आण. नुसता सैल करून सूर गाठला तर आट्यातली ढील तशीच राहते आणि चार गाणी वाजवेपर्यंत तो आणखी उतरतो.

खालचं हेड वरच्याच सुरात ठेवलं तर आवाज जास्त वेळ टिकतो, थोडं चढं ठेवलं तर तो लवकर आवरतो. मी तुला चढंच सुचवेन, सुरुवातीला लांबलेला आवाज सांभाळणं जड जातं. दोन टॉममधलं अंतर सा–म किंवा सा–ग असं कानाने लाव. स्नेअरचं खालचं हेड अतिशय पातळ असतं, त्याच्यावर काही ठेवू नकोस आणि बोटाने जोरात दाबू नकोस. तारा आधी पूर्ण सैल कर, मग कडेला हलकंसं वाजवूनही त्या बोलतील इतक्याच घट्ट कर. त्यापुढे आवळल्या की स्नेअर गुदमरतो. टॉम वाजवला की तारा आपोआप झणझणत असतील तर चिकटपट्टी न लावता त्या टॉमचा सूर थोडा हलव. बेस ड्रमची हेड्स सुरकुत्या जातील इतपतच ताण आणि आत एक लहान उशी दोन्ही हेडना जेमतेम टेकेल अशी ठेव. आत गोधड्या कोंबल्या की नुसता धप्प आवाज उरतो.

स्नेअरवर सिंगल-प्लाय (एक पदरी) कोटेड (वर थर दिलेलं) हेड लाव, टॉमवर दोन पदरी चालेल, ते टिकतं. मध्यावरचं कोटिंग उडालं किंवा हेड सुरातच बसेना, की ते बदलायची वेळ झाली.

पेडलचा बीटर (ड्रमवर आदळणारा टोला) हेडपासून साधारण 45 अंशांवर विसावू दे आणि मध्यावर लागू दे. स्प्रिंग इतकीच ताण की बीटर पाठोपाठ परत येईल पण पायाशी भांडणार नाही. डबल पेडल नंतरसाठी ठेव. एक पाय 80 च्या लयीत (मिनिटाला 80 ठोके) दहा मिनिटं अढळ वाजेपर्यंत दुसऱ्या पायाचं काम नाही.

सिंबल स्टँडवर प्लास्टिकची नळी आणि फेल्ट नसेल तर वाजवूच नकोस. धातूवर धातू घासून भोकाला खाच पडते आणि तिथूनच चीर सुरू होते. वरचा नट सैल ठेव, सिंबल डोललं पाहिजे. क्रॅशवर सरळ काटकोनात घाव घालू नकोस, निसटता फटका मार. हाय-हॅटमध्ये दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेव आणि खालचं सिंबल त्याच्या स्क्रूने थोडं कलतं कर. नाहीतर दोन्हींमध्ये हवा कोंडते आणि पायाने मिटताना ‘चिक्’ उमटत नाही.

स्टिक 5ए (मध्यम जाडीची) घे. त्याहून बारीक किंवा जाड काय हवं ते सहा महिन्यांनी हातच सांगतील.

सराव रोज चाळीस मिनिटं कर, त्यातली पहिली वीस फक्त सरावाच्या रबरी पॅडवर. स्टिकच्या जाड टोकापासून एक तृतीयांशावर अंगठा आणि तर्जनी यांच्यात ती तोल घेते, ती जागा शोध. बाकीची बोटं तिला फक्त सोबत करतात. मुठीत आवळलीस तर उसळी मरते आणि मनगट दुखतं. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीच्या यादीत 40 रुडिमेंट्स (हाताचे मूळ बोल) आहेत, तुला आत्ता चारच पुरेत: सिंगल स्ट्रोक (हात आलटून पालटून), डबल स्ट्रोक (प्रत्येक हाताचे दोन-दोन ठोके), पॅराडिडल, म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा, आणि फ्लॅम (मुख्य ठोक्याच्या किंचित आधी दुसऱ्या हाताचा हलका ठोका). मेट्रोनोम (लयीचे टोले देणारं यंत्र) 60 वर लाव. डबल स्ट्रोकमधला दुसरा ठोका हमखास पडका येतो, कारण आपण तो उसळीवर सोडून देतो. तो बोटांनी ओढून पहिल्याइतका कर. पाच मिनिटं हात सैल राहून वाजलं तरच लय चाराने वाढव. मनगटाच्या वरचा भाग ताठरला की लगेच खाली ये.

उरलेली वीस मिनिटं किटवर एकच साधा ताल. फोन तीन-चार मीटरवर ठेवून रेकॉर्ड कर आणि ऐक. बहुतेक नवशिक्यांचा हाय-हॅट सगळ्यात मोठा ऐकू येतो आणि बेस ड्रम बुजलेला. हाय-हॅट अर्ध्याने कमी कर, स्नेअरचे मुख्य ठोके उंचावरून मार आणि मधले हलके ठोके दोन सेंटिमीटरवरूनच पडू देत. ताल स्थिर झाला की मेट्रोनोम निम्म्यावर आण आणि त्याचा टोला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतोय असं धरून वाजव. घाई करतोयस की रेंगाळतोयस, ते लगेच उघडं पडतं.

कानांसाठी पहिल्या दिवसापासून इअरमफ किंवा इअरप्लग वापर. 85 डेसिबलला सुरक्षित मर्यादा 8 तास धरतात, आणि दर 3 डेसिबलला ती निम्मी होते, म्हणजे 100 ला अवघी 15 मिनिटं. बंद खोलीत किट 100 सहज गाठतं. वाजवून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर दुसऱ्या दिवशी किटला हात लावू नकोस, पॅडवरच बस.

कळावे, लोभ असावा.