ग्रामपंचायतीला घातक कचऱ्यासाठी अनुदान मिळतं का?

निफाडकडच्या द्राक्षगावात फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग झालाय, त्यासाठी सरकारी पैसा मिळेल का आणि अर्ज कुठे करायचा, असं तुम्ही विचारलंय.

'घातक कचरा' नावाचं निधीचं वेगळं शीर्ष शोधत बसू नका. काम घनकचऱ्यातच बसवावं लागतं. पंधराव्या वित्त आयोगात 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा होता, त्यातला निम्मा स्वच्छतेचा. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 वस्तीपर्यंत घनकचऱ्याला माणशी 60 रुपये, त्यापुढे 45. म्हणजे 4,000 वस्तीच्या गावाला 2 लाख 40 हजार, तेही सगळ्या घनकचऱ्यासाठी. अर्ज नसतो. ग्रामसभेचा ठराव करा, विकास आराखड्यात काम घाला, ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर चढवा आणि पंचायत समितीत पाठपुरावा ठेवा.

आता माझं दुखणं. पैसा आला की आपल्याकडे पहिलं काय होतं? शेड. फरशी, पत्रा, कोनशिला, नारळ. बाटल्या पुढे कुठे जाणार हे कोणी विचारत नाही. मग गोण्या भरतात, उन्हात विटतात, फाटतात आणि एक दिवस कोणीतरी काडी लावतं. 'आधी शेड बांधू, पुढचं पुढे बघू' म्हणणाऱ्यांशी मी कायम भांडत आलोय. बांधकामाला अनुदान सहज मिळतं, दरवर्षीच्या वाहतुकीला नाही.

म्हणून आधी रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला लेखी विचारा: या बाटल्या घेता का, कशा स्थितीत, किलोमागे दर काय, गाडी कोणाची? बाटली हलकी आणि पोकळ, त्यामुळे ट्रक नुसत्या हवेनं भरतो. धुऊन, तळाला भोक पाडून, चेपलेल्या बाटल्या असतील तरच भाडं परवडतं.

धुणं बांधावरच, टाकी भरताना झालं पाहिजे. बाटली निथळून घ्या, पाव भाग पाणी घाला, झाकण लावून अर्धा मिनिट हलवा, पाणी ब्लोअरच्या, म्हणजे फवारणी यंत्राच्या टाकीत ओता. असं तीनदा. लिटरच्या बाटलीला पाऊण लिटर पाणी पुरतं आणि तळाशी उरलेलं, पैसे मोजलेलं औषधही वेलीवरच जातं. संध्याकाळपर्यंत ठेवलीत तर औषध आत वाळून बसतं, मग तीन काय, दहादा धुऊनही निघत नाही. भोक पाडलं की त्या बाटलीत कोणी रॉकेल भरत नाही.

बाटल्या गोळा करायच्या गोण्या गोडी छाटणीच्या, म्हणजे द्राक्षाच्या फळछाटणीच्या आधी वाटा. डाऊनी या बुरशीरोगाच्या फवारण्या सुरू झाल्यावर कोणाला वेळ नसतो. शेड बांधायचीच असेल तर छोटी, कुलपाची, विहिरीपासून लांब, पक्क्या फरशीला कडेनं उंबरा असलेली.

प्लास्टिक वेष्टनाची जबाबदारी कायद्यानं उत्पादक आणि ब्रँडमालकावर आहे, तेव्हा कृषी सेवा केंद्रामार्फत कंपन्यांनाही पत्रं जाऊ द्या. तालुक्याच्या प्लास्टिक युनिटला 16 लाखांपर्यंत निधी आहे म्हणून बाटल्या तिकडे ढकलू नका. तिथं बायका हातानं माल निवडतात.

आणि हो, पंधराव्या आयोगाचा काळ मार्च 2026 पर्यंतचाच. त्यापुढच्या निधीच्या अटी गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या, तोंडी नको.