पहिल्या प्रकल्पाला मृग नक्षत्र पुरे

सहावी-सातवीसाठी सत्तावीस नक्षत्रं घेऊन बसू नका. एकटं मृग पुरतं. रोहिणीमागे धावणारा मृगरूपी प्रजापती आणि त्याला बाण मारणारा व्याध, ही गोष्ट मराठीच्या तासाला. मग जानेवारीत रात्री आठला आग्नेयेकडे पाहा: मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे जोडणारी रेघ एकीकडे व्याध ताऱ्याकडे, दुसरीकडे रोहिणी ताऱ्याजवळ जाते.

चित्रकलेत काळ्या कार्डशीटला ताऱ्यांच्या जागी भोकं पाडा, सर्वांत तेजस्वी व्याधाचं सर्वांत मोठं. नकाशा मागच्या बाजूला चिकटवून भोकं पाडली की आकृती उलटी होते. हमखास होणारी चूक.

गणिताला ताऱ्यांची पृथ्वीपासूनची अंतरं दाखवणारे दोरे. 10 प्रकाशवर्षांना 1 सेंमी धरलं तर व्याध जेमतेम 9 मिमी, रोहिणी साडेसहा सेंमी, मृगातलाच राजन्य (रायगेल) तारा मात्र जवळपास 86 सेंमी! सगळे दोरे एकाच बिंदूपासून मोजा, तीच पृथ्वी. छतापासून मोजले तर अंतरं निरर्थक होतात.