वेश्याव्यवसाय कायदेशीर केल्याने त्यातल्या स्त्रियांचं आयुष्य सुधारतं का?

सुधारू शकतं, पण 'कायदेशीर' म्हणजे नेमकं काय, हे आधी विचारायला हवं.

न्यूझीलंडने २००३ मध्ये हा व्यवसाय गुन्ह्यांतून वगळला. २०१४ मध्ये तिथल्या एका बाईने कुंटणखान्याच्या चालकाविरुद्ध लैंगिक छळाचा खटला जिंकला आणि २५ हजार डॉलर भरपाई मिळवली. या धंद्यातल्या बाईचाही छळ होतो हे न्यायाधिकरणाने मान्य केलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मात्र तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या बायकांना तिथे हे काम करायला आजही बंदी आहे, त्यामुळे त्या पोलिसांकडे जायला घाबरतात.

जर्मनीने २००२ मध्ये नोकरीचा करार, विमा असे हक्क दिले. करार फारच थोड्या जणींनी केले. २०१७ पासून नोंदणी सक्तीची झाली. नाव उघड होईल या भीतीने अनेकजणी ती टाळतात.

आपल्याकडे शरीरविक्रय मुळात गुन्हा नाहीच. पण १९५६ च्या कायद्याने गिऱ्हाईक बोलावणं, कुंटणखाना चालवणं गुन्हा ठरतो. आईच्या या कमाईवर जगणारा सज्ञान मुलगासुद्धा त्यात अडकू शकतो! १९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना या बायकांशी सन्मानाने वागायला सांगितलं, आधार कार्डाची वाट मोकळी केली. सांगलीच्या 'वेश्या अन्याय मुक्ती परिषदे'तल्या बायका तर कितीतरी वर्षं सांगताहेत की आम्हाला गुन्हेगार ठरवणारी कलमं काढा. माझंही मत तेच आहे.