आर्डुइनोत पिना चालू-बंद करायला डिजिटलराइट ही तयार आज्ञा असताना चिपच्या आतली, थेट पिना हलवणारी डीडीआर-पोर्ट रजिस्टरं कशाला शिकायची? सुरुवात कुठून करू?

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहात, एलईडी-बटणाची प्रॅक्टिकलं आर्डुइनोवर आरामात होतात, मग ही डोकेफोड कशाला, असं विचारलंय तुम्ही. शिकाच. नाहीतर कुणीही येऊन 'चिप उडाली' म्हणेल आणि तुम्ही मान डोलवाल.

नाशिकच्या एका पॉलिटेक्निकात (नाव राहू दे) आमच्या लॅबला एटीमेगा32 या मायक्रोकंट्रोलर चिपचे बोर्ड होते. प्रॅक्टिकल अगदी साधं: पोर्ट सी वर आठ एलईडी, सगळे एकदम लावायचे. डीडीआरसीत (पिन आउटपुट की इनपुट ते ठरवणारं रजिस्टर) एफएफ, म्हणजे आठही बिट 1, पोर्टसीत (पिन हाय की लो ते ठरवणारं) एफएफ, बर्न केलं. दोन्ही कडांचे दोन-दोन पेटले, मधले चार ठार. सरांनी लांबूनच निदान केलं, "चार पिना गेल्या. शॉर्ट केलंत ना?" चिपचे पैसे आमच्या बॅचच्या माथी. एम.जी. रोडवरून कोरी चिप आणली, सॉकेटात बसवली. पुन्हा तेच मधले चार! आता सर म्हणाले, "डुप्लिकेट माल."

दोन वेगळ्या चिपा, आणि जायच्या तर नेमक्या त्याच चार पिना? डेटाशीटमध्ये पोर्ट सी चा तक्ता काढला. पीसी2 ते पीसी5 समोर टीसीके, टीएमएस, टीडीओ, टीडीआय. म्हणजे जेटॅग, चिप बाहेरून तपासायची जोडणी. चिप कंपनीतून येते तीच जेटॅगचा फ्यूज (प्रोग्रामरने बदलायची चिपमधली सेटिंग) चालू असलेली. तोवर डीडीआरसीत काहीही लिहा, त्या पिना तुमचं ऐकत नाहीत. उपायही तिथेच दिलेला: एमसीयूसीएसआर रजिस्टरमधला जेटीडी बिट 1 करायचा, तोही दोनदा, चार क्लॉक सायकलच्या आत. मी तीच ओळ खाली पुन्हा चिकटवली. आठही पेटले. सर म्हणाले, "हं, लूज कॉन्टॅक्ट असेल." पैसे गेले ते गेलेच.

लोक रजिस्टरांची भलामण वेगासाठी करतात. खरंय, ऊनो या आर्डुइनो बोर्डावर 16 मेगाहर्ट्झला एक बिट थेट लावायला 125 नॅनोसेकंद लागतात, डिजिटलराइट काही मायक्रोसेकंद खातं. पण एलईडी लुकलुकवायला कसला आलाय वेग? खरा फायदा हा, की बिघाड कुठे शोधायचा ते कळतं.

सुरुवात ऊनोच्या 13 नंबर पिनेपासून करा, ती पीबी5. डीडीआरबीचा बिट 5 लावला की आउटपुट, पोर्टबीचा लावला की हाय. बटणासाठी उलट: डीडीआरचा बिट 0, पोर्टचा 1, म्हणजे आतला पुल-अप (एरवी पिन हाय ठेवणारा रेझिस्टर) मिळतो आणि बटण दाबल्यावर पिनबी या वाचायच्या रजिस्टरात 0 दिसतो. बिट लावताना ऑर (|=) करा. सरळ बरोबरचं चिन्ह टाकलंत तर बाकीच्या सात पिनांची वाट लागते. पुढे टायमर1: सीटीसी मोड (ठरल्या आकड्याला मोजणी पुन्हा शून्यावर), प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) 1024, ओसीआर1ए मध्ये 15624, की बरोबर एक सेकंद. एवढं जमलं की बाकीचं डेटाशीट शिकवते, सरांची गरज नाही.

हां, वाय-फाय किंवा डिस्प्ले असेल तर लायब्ररीच वापरा, तिथे हट्ट नको. ऊनोवरच्या एटीमेगा328पी चिपमध्ये जेटॅग नाही, त्यामुळे वरचं रामायण तिथे घडणार नाही. आणि कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद असेल तर ती दोनदा लिहायची युक्ती चार सायकलांत न बसून फसू शकते.

एटीमेगा32 वर कुणी 'पिना गेल्या' म्हणालंच, तर पैसे काढण्याआधी हाय फ्यूज (जेटॅगची सेटिंग असलेला फ्यूज-बाइट) वाचायला लावा. कोऱ्या चिपेत तो हेक्समध्ये 99 असतो, फ्यूजमधूनच जेटॅग बंद केल्यावर डी9. क्लॉकच्या फ्यूजला मात्र हात लावू नका. क्रिस्टल नसताना बाहेरचा क्लॉक निवडलात तर प्रोग्रामरला चिप सापडायचीच नाही, आणि मग सर खरंच बरोबर ठरतील.