नागपूरहून एम.एस्सी. करून उत्तरेच्या नद्यांवर फील्ड बायोलॉजिस्टचे काम मिळते का, आणि एका उन्हाळ्यात किती पैसे सुटतात?

काम मिळते. पैसेही सुटतात, मात्र त्यातले बरेचसे येण्याजाण्याच्या विमानाबरोबर उडून जातात. आपण प्राणिशास्त्राच्या पदवीबद्दल आणि कॅनडा-अलास्कातील उन्हाळी कामाबद्दल विचारले आहे, तेव्हा एवढ्यावर माझे उत्तर संपायला हरकत नव्हती; परंतु प्रश्नाच्या शेवटी आपण सहज लिहिले आहे की, घरचे म्हणतात, मासे मोजायला इतक्या लांब कशाला जायचे? या वाक्याने माझी जुनी खपली निघाली, म्हणून हे लांबण लावते आहे.

मी नागपूरची, महाल भागात वाढलेली. कॅनडातील एका विद्यापीठात शिकत असताना २०२२ चा उन्हाळा मी कॅनडातून अलास्कात वाहत जाणाऱ्या युकॉन नदीच्या एका उपनदीवर काढला. तिथे शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना उन्हाळी सुट्टीत पूर्ण वेळ काम करण्याची मुभा असते, तीच वाट मी धरली; नागपुरात बसून थेट अर्ज केला आणि नदीवर बोलावणे आले, असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पदाचे नाव ‘तंत्रज्ञ’ असे होते. बायोलॉजिस्ट म्हणजे हिवाळ्यात कार्यालयात बसून अहवाल लिहिणारी व्यक्ती. गमबूट घालून चिखलात उभे राहणारे आम्ही सगळे तंत्रज्ञच.

चिनूक सॅमन हा मासा समुद्रातून जन्मस्थानाकडे परततो, नदीत शिरल्यावर खाणे सोडतो आणि अंडी घातल्यावर मरतो, हे आपल्या अभ्यासक्रमात येऊन गेले असेलच. युकॉनच्या चिनूकला या उपाशीपोटी प्रवासात ३,००० किलोमीटरपर्यंत प्रवाहाविरुद्ध पोहावे लागते. त्यांतले किती मासे कॅनडाच्या हद्दीपर्यंत पोहोचले हे अलास्कातील ईगल या गावाजवळ सोनारने, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडून मासे टिपणाऱ्या यंत्राने, मोजतात. दोन्ही देशांनी मिळून ठरवलेले लक्ष्य त्या वेळी ४२,५०० ते ५५,००० इतके होते. मी गेले त्या वर्षी सुमारे १२,००० आले. हे मासे पुढे असंख्य उपनद्यांत पांगतात, तेव्हा आमच्या वाट्याला काय येणार होते, याची कल्पना आपण करू शकता.

आमच्या नदीवरही सोनारच होते. दोन्ही काठांकडून अर्धवट कुंपण घालून मधली वाट मोकळी ठेवली होती, म्हणजे येणारा मासा यंत्रासमोरूनच जाईल. पडद्यावर दिसते ती ध्वनिलहरींनी काढलेली धूसर आकृती आणि शेपटीची हालचाल. त्यावरून लांबी मोजता येते, जात कळत नाही. म्हणून ठरावीक लांबीखालची आकृती सोडून द्यायची. प्रवाहाविरुद्ध गेला तर एक मिळवायचा, प्रवाहाबरोबर खाली आला तर एक वजा करायचा. हातात टिकटिक करणारा मोजणीचा गणक आणि समोर न भिजणाऱ्या कागदाची वही. दर तासाला एक रकाना.

पहिले नऊ दिवस त्या प्रत्येक रकान्यात मी शून्य लिहिले. जुलैत तिथे खरा अंधार पडतच नाही, मध्यरात्रीही तंबूबाहेर वाचता येते, त्यामुळे दिवस संपल्याचे समाधानसुद्धा मिळत नाही. दहाव्या दिवशी माझी रात्रपाळी होती. दोनच्या सुमारास पडद्याच्या उजव्या कडेने एक लांब आकृती आली आणि वर गेली. मग आणखी एक. तासाभरात मी सात मासे नोंदवले आणि सगळ्यांना उठवावे की नाही, या विचारात चहा करून प्यायले.

सकाळी आमच्या गटप्रमुख बाईंनी तो तास पुन्हा लावला. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पडद्याच्या अगदी टोकाशी, यंत्रापासून सर्वांत दूरच्या भागात, बोट ठेवले. माझी आकृती तिथून सावकाश खाली येत होती. ती पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. एकच मासा कुंपणाच्या मोकळ्या वाटेपाशी सात वेळा वर आणि सात वेळा खाली गेला होता. मला मासे हवे होते, म्हणून मी वर जाणारेच पाहिले. त्या तासाची खरी बेरीज शून्य होती. त्यांनी सातवर एकच आडवी रेघ मारायला लावली, शेजारी शून्य लिहायला लावले आणि त्यापुढे माझी आद्याक्षरे. लिहिण्यासाठी पेन्सिलच असे, पण त्या तंबूत खोडरबर ठेवत नसत. ते खोडलेले सात त्या वहीत आजही असणार.

त्याच रविवारी उपग्रह फोनवर घरी बोलणे झाले. तिथली आणि आपली वेळ साडेबारा तासांच्या फरकाने चालते. मी सकाळची न्याहारी करत होते आणि घरी मामा जेवायला आलेला होता. हा मामा हौशी छायाचित्रकार आहे. पेंच आणि ताडोबा त्याने इतक्या वेळा पालथे घातले आहे, की वन्यजीव म्हणजे वाघ आणि वाघ म्हणजे आपण, असा त्याचा हिशेब आहे. आज किती झाले, असे त्याने क्रिकेटचा धावफलक विचारावा तसे विचारले. मी शून्य सांगितले. त्यावर तो म्हणाला, “मासेच नाहीत तं मोजतेस काय गं तू? अन् त्याचे पैसे भेटतात?” पुढे मामेबहिणीच्या साक्षगंधात त्याने हेच वाक्य चाळीस पाहुण्यांसमोर म्हटले. सगळे हसले आणि मीही हसले, याचा मला अजून राग आहे.

आमच्या तळाच्या खालच्या अंगाला मूलनिवासी समाजातील एका कुटुंबाचा मासे वाळवण्याचा मांडव होता. वाशांच्या आडव्या दांड्या आणि धुरी देण्याची लाकडी खोली जागच्या जागी होती, पण टांगलेला मासा एकही नव्हता, कारण त्यांनी आपण होऊन चिनूक धरणे थांबवले होते. त्या घरातील आजोबा अधूनमधून बोट लावत, आमच्याकडे चहा पीत आणि आकडा विचारत. शून्य ऐकून ते कधी हसले नाहीत. नातवंडांना मासा चिरायला या वर्षीही शिकवता येणार नाही, एवढा त्या शून्याचा अर्थ त्यांना कळत होता.

ऑगस्टच्या अखेरीस थोडे मासे आले आणि मग खरे वासाचे काम सुरू झाले. अंडी घालून मेलेले मासे काठाकाठाने शोधायचे, डोळ्याच्या मध्यापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी घ्यायची, डाव्या बाजूचे खवले चिमट्याने काढून डिंकाच्या कार्डावर चिकटवायचे, म्हणजे हिवाळ्यात त्यांवरील वलये मोजून वय काढता येते. मग पोट चिरून अंडी उरली आहेत का ते पाहायचे आणि मासा पुन्हा पाण्यात सोडायचा, कारण समुद्रातून आणलेले ते खत त्या नदीचे आणि काठच्या झाडांचे असते. सावजी रश्शावर वाढलेल्या माझ्यासारखीलाही पुढे चार महिने माशाचा वास नकोसा झाला होता. एका मादीचे पोट चिरले तर अंडी भरगच्च, एकही घातलेली नाही. एवढा प्रवास करून ती शेवटच्या टप्प्यावर मेली होती. तापलेले पाणी आणि इक्थियोफोनस नावाचा परजीवी, ही अशा मृत्यूंची दोन कारणे तिथे सर्वांच्या तोंडी असतात, पण त्या एका मादीचे कारण कोणते हे मी सांगणार नाही, कारण मला दिसले ते फक्त पोट.

१ एप्रिल २०२४ रोजी अलास्का आणि कॅनडाने युकॉनवरील चिनूकची मासेमारी सात वर्षे, म्हणजे माशाच्या एका पूर्ण जीवनचक्राइतका काळ, थांबवण्याचा करार केला आणि सीमेवरील लक्ष्य ७१,००० वर नेले. ही बातमी मी मामाला पाठवली. त्याने अंगठा पाठवला. तेव्हा मी त्याला जयची आठवण करून दिली. २०१६ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याचा तो वाघ दिसेनासा झाला, तेव्हा हाच मामा रोज सकाळी फोन करून ‘सापडला का’ विचारत असे. त्याला शोधणाऱ्यांच्या कॅमेऱ्यांत रोज काय येत होते? त्याला मात्र कोणी हसले नाही, कारण वाघाचे शून्य प्रतिष्ठित असते. गोसीखुर्द धरणानंतर वैनगंगेत कोणता मासा किती उरला, हे भंडाऱ्याकडच्या ढिवरांना जाळ्याच्या वजनावरून समजते. पण त्याची दर तासाची वही मला अजून कोणी दाखवलेली नाही. या शहराला वाघांची राजधानी म्हणवून घेण्याची इतकी हौस आहे, की कन्हान नदी पिण्याच्या नळापुरतीच आठवते.

आपल्या प्रश्नाकडे परत येते. मजुरी तासाच्या हिशेबाने मिळते, जेवण तळावर असते आणि जवळपास दुकानच नसल्यामुळे खर्च होत नाही. एम.एस्सी.च्या गुणांपेक्षा चारचाकीचा परवाना, पोहणे, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आणि बोट हाकण्याचा थोडा सराव यांना तिथे जास्त किंमत आहे. मला यांतले एकच येत होते आणि ते पहिल्या आठवड्यातच उघडे पडले. अस्वलांची भीती सगळे घालतात. अस्वलाला पळवून लावणाऱ्या फवाऱ्याचा डबा कमरेला असतो आणि विजेच्या कुंपणाने तळ वेढलेला असतो, तेव्हा त्याची चिंता करू नका, डासांची करा. व्हिसाचे आणि कामाच्या परवानगीचे नियम माझ्या वेळेनंतर बदललेले असू शकतात, ते स्वतः तपासा. शिवाय मी हे एकाच नदीवर आणि एकाच वाईट वर्षात पाहिले आहे. अलास्कात ब्रिस्टल बे परिसरातील नद्यांवर त्याच वर्षी लाल सॅमनचे विक्रमी थवे आले होते, तिथे काम करणारी मुलगी आपल्याला वेगळेच उत्तर देईल.

जाण्यापूर्वी निदान एक हंगाम कन्हानच्या किंवा वैनगंगेच्या काठी ढिवरांबरोबर काढा आणि जाळे किती वेळ टाकले, काय आले, हे लिहून ठेवा. रिकाम्या आलेल्या जाळ्याची नोंद असलेली वही मुलाखतीत दाखवलीत, तर समोरचा माणूस ती उलटून पाहील, याची मला खात्री आहे.

तिथला एक मोजणीचा गणक मी नागपूरला आणला. सध्या तो मामाकडे आहे. पेंचच्या खुर्सापार गेटमधून आत गेले की दिसलेल्या प्रत्येक वाघाला तो एकदा टिकटिक करतो आणि संध्याकाळी आकडा कळवतो. वाघ दिसला नाही त्या फेऱ्या मात्र तो धरत नाही, आणि आमचा वाद सध्या तिथे अडला आहे.